चार गुरुवारांची एकच माशी

कॅमेऱ्याला कापडाच्या आतलं दिसतं, हा शोध आमच्या बोरगव्हाणात लागला. अमेरिकेला अजून पत्ता नाही.

गुरुवारची सकाळ होती. सोयाबीनच्या खुरपणीचे दिवस, बाईमाणूस मिळेना अशी सगळ्यांची रड, आणि इकडं वीरण्णाच्या किराणा दुकानापुढं दीडदोनशे माणूस उन्हात बसलेलं. ओट्यावर दुकानातला टीव्ही आणून ठेवला होता. टीव्हीला लॅपटॉप जोडला होता आणि लॅपटॉपला झेंडूचा हार घातला होता. त्याच्यामागं प्रतिमानाथ महाराज बसले होते. भगवी कफनी, जाड भिंगाचा चष्मा, आणि गळ्यातल्या रुद्राक्षाच्या माळेत मधोमध एक पेन ड्राइव्ह.

"रोग शरीरात नसतो, माऊली!" महाराज म्हणाले. "रोग असतो प्रतिमेत. शरीर म्हणजे नुसती झेरॉक्स. डॉक्टर लोक झेरॉक्सला इंजेक्शनं टोचून राहिले. अरे, मूळ कागद दुरुस्त करा! झेरॉक्स आपोआप नीट निघते."

लोकांनी माना डोलावल्या. गावात झेरॉक्सचं मशीन नाही, त्यामुळं त्या वस्तूबद्दल सगळ्यांना आदर आहे.

मग एका बाईला पुढं घेतलं. तिच्या उजव्या पायाला घोट्यापर्यंत पिवळं फडकं गुंडाळलेलं. पाय बारदान्यावर ठेवला. महाराजांनी 'ओम पिक्सेलाय नमः' म्हणून कॅमेरा धरला, बटण दाबलं, लॅपटॉपवर काहीतरी खुडबुड केली, आणि टीव्हीवर पाय आला. फडकं गायब! उघडा पाय, उघडी बोटं, आणि करंगळीच्या बाजूला रुपयाएवढी जखम.

"मागच्या गुरुवारी केवढी होती?" महाराजांनी विचारलं.

"लिंबाएवढी!" गर्दी ओरडली.

"त्याच्या मागच्या?"

"मोसंबीएवढी!"

मग महाराजांनी टीव्हीवर एक गोल कडं फिरवलं, चारदा घासलं, आणि रुपयाची आठ आण्याएवढी झाली. बायांनी कानशिलावर बोटं मोडली.

आमचा वीरण्णा उदगीरला अकरावीपर्यंत शिकलेला. टीव्हीच्या कोपऱ्यात इंग्रजी अक्षरं उमटली ती त्यानं मोठ्यानं वाचली. "हीलिंग ब्रश! अरे, हीलिंग म्हंजे बरं करणं. कंपनीनंच लिहून दिलंय की!"

"आन् ब्रश म्हंजे?"

"ब्रश म्हंजे ब्रश."

त्या दिवशी गावानं दात घासायचे ब्रश आणून महाराजांपुढं ठेवले. वीरण्णाकडचे ब्रश दुपारपर्यंत संपले, अहमदपूरहून खोकं मागवावं लागलं. गावाचे दात मात्र होते तसेच राहिले, कारण पूजेतला ब्रश तोंडात घालायचा कसा, हा पेच कुणालाच सुटला नाही.

ही गोष्ट मी फुलवून सांगतोय असं तुम्हाला वाटेल, आणि त्यात तुमची चूक नाही. मी शेषेराव. वय शहात्तर. थापा मारणं हा माझा पन्नास वर्षांचा जोडधंदा. माझी म्हैस रेडिओवर बातम्या लागल्याशिवाय पान्हा सोडत नसे आणि निवडणूक लागली की दुप्पट दूध द्यायची, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. पण माझ्या म्हशीपायी कुणी औषध बंद केलं नव्हतं. आणि ती पिवळ्या फडक्यातली बाई माझी सख्खी धाकटी बहीण होती, चतुराबाई.

चतुराचा नवरा वारल्यापासून ती माझ्याकडंच राहते. मुलगा सुदर्शन लातूरला डाळमिलमध्ये आहे. तिला दहा वर्षांपासून साखर. जूनमध्ये खुरपताना बाभळीचा काटा चपलेतून पायात गेला, आणि तिला दोन दिवस कळलंच नाही. सुदर्शननं लातूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "दिवसाआड पट्टी बदला. इन्सुलिन चुकवू नका. हयगय केली तर पाय काढावा लागेल."

डॉक्टरांच्या एवढ्या बोलण्यातलं चतुरानं शेवटचं वाक्य तेवढं घरी आणलं. पलीकडच्या आळीतल्या लक्ष्मम्माचा पाय लातूरलाच कापला होता. मग महाराज आले. त्यांनी पहिल्या गुरुवारी जखमेचा फोटो काढला, वर पिवळं फडकं गुंडाळलं आणि सांगितलं, "चाळीस दिवस उघडायचं नाही. दवाखान्याचं औषध बंद. दोन औषधं आत भांडतात." दक्षिणा घेत नव्हते. रिचार्ज घेत होते.

"चतुरे, सोड ते फडकं," मी म्हणालो. "घरात वास सुटलाय."

"तो रोग बाहेर पडायचा वास हाय. महाराज बोललेत."

"आन् महाराज खोटं बोलत असले तर?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "दादा, हे तू म्हणून राहिला व्हय? तुझी ती म्हैस अजून बातम्या ऐकती का?"

पन्नास वर्षांत पहिल्यांदा खरं बोलायची वेळ आली आणि माझं खातं रिकामं निघालं. मी फडक्याला हात लावायला गेलो तर ती भिंतीला टेकून ओरडली, "मला दोन पायांवरच मरू दे!" महाराजांवर तिचा विश्वास होता तो लहानसा. भीती मोठी होती.

त्याच सुमाराला तिचा मोबाइल भरला. बुधवारी सकाळी सुदर्शननं नातवाच्या बारशाचे फोटो पाठवले, ते येईनात. मोबाइल म्हणे जागा नाही. नातवाचं तोंड दिसेना म्हटल्यावर बाई कासावीस. मी धम्मप्रियाला हाक मारली.

धम्मप्रिया आमच्याच गावची, नरसिंगची थोरली लेक. लातूरला एका फोटो स्टुडिओत सात वर्षं लग्नाचे अल्बम बनवायची. जिल्ह्यातल्या अर्ध्या नवरदेवांचे मुरूम तिच्या हातून गेलेत. आता अहमदपूरला संगणकाचा वर्ग घेते. आमच्या घरी आली, ओसरीत बसली, मोबाइल हातात घेतला.

"आत्या, सहा हजार फोटो हायत यात!"

"नातवाचे असतील."

"नातवाचे एकोणीस हायत. साडेचार हजार गुलाब हायत, गुड मॉर्निंगचे."

"ते पुसू नको गं, देवाचं नाव असतंय त्यावर."

धम्मप्रियानं आधी सगळे फोटो एका पेन ड्राइव्हवर उतरवले. मी म्हणालो, "पुसायचेच तर उतरवतीस कशाला?"

"आबा, आधी नक्कल काढायची, मग हात लावायचा. मूळ फोटोवर कधीच काम करायचं न्हाई. बिघडलं तर परत कुठून आणायचं?" मग तिनं फोटोंचे कप्पे केले. वर्षाचा एक, त्यात महिन्याचा एक. "नाव देताना तारीख आधी, मग माणूस, मग प्रसंग. 'नवीन', 'नवीन दोन', 'लई नवीन', असली नावं ठेवली की मालकालाच सापडत न्हाई." शेवटी तिनं मोबाइललाच सांगितलं, एकसारखे फोटो शोध.

मोबाइलनं थोडा वेळ चाक फिरवलं. मग त्यानं विचारलं: एकसारखे फोटो, चार. एक ठेवून बाकीचे तीन पुसायचे का?

चारही फोटो चतुराच्या पायाचे होते, महाराजांनी दर गुरुवारी तिच्या मोबाइलवर पाठवलेले.

धम्मप्रियानं मोबाइल आडवा धरला, चारही फोटो शेजारी शेजारी लावले आणि बोटांनी मोठे केले. पहिल्यात जखम मोसंबीएवढी, दुसऱ्यात लिंबाएवढी, मग रुपया, मग आठ आणे. खाली बारदाना, त्यावर निळ्या शाईत छापलेलं 'तूरडाळ'.

"आत्या, इथं काय हाय?"

"माशी."

"आन् ह्या दुसऱ्या गुरुवारी?"

"माशी."

"तिसऱ्या?"

चतुरानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. माशी चारही गुरुवारी 'डा'च्या कान्यावर बसली होती. डावा पंख तेवढाच उघडा, तोंड त्याच बाजूला. महाराजांनी जखम बारीक केली होती. माशी तशीच राहून गेली होती.

"माशा काय गावात कमी हायत व्हय?" चतुरा शेवटी म्हणाली. "दर्शनाला येत असंल तीबी."

ही थाप मला सुचली नाही याचं मला मनापासून वाईट वाटलं.

"आत्या, ह्यो एकच फोटो हाय. पहिल्या दिवशीचा. पुढं पायाचा फोटो निघालाच न्हाई," धम्मप्रिया म्हणाली. "फडकं सोडा. आत्ता दवाखान्यात जाऊ."

"उद्या गुरुवार हाय. महाराजांना विचारीन. त्यांनी सोड म्हटलं तर सोडीन."

"आन् त्यांना उत्तर देता आलं न्हाई तर?"

चतुरानं पदराचा काठ चाळवला. "तर सोडीन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ओट्यापुढं गर्दी जास्तच. चतुराला खुर्चीवर बसवून आणलं. महाराजांनी कॅमेरा उचलला, तेवढ्यात धम्मप्रिया उभी राहिली.

"महाराज, आधी माझी एक शंका."

"शंका म्हणजे श्रद्धेतला व्हायरस, ताई."

"लहानच व्हायरस हाय. तो ब्रश मला जरा चालवू द्या."

"ब्रश अधिकारी पुरुषाच्याच हाती चालतो."

"कामून?" मागून आवाज आला. अंगणवाडीवाली अंबिका होती ती. "हीलिंग तर कंपनीनं लिवलेलं हाय. वीरण्णानं वाचलंय. मंग कुणाच्याबी हातानं बरं व्हायला पायजे की!"

गर्दीला हे एकदम पटलं. आपल्या गावात कंपनीवर फार विश्वास. टॉर्च काय, पंप काय, कुणीही बटण दाबलं तरी चालतं. "द्या की, महाराज!" लोक म्हणाले. वीरण्णानं तर स्वतःच लॅपटॉप तिच्याकडं सरकवला, कारण टीव्ही त्याचा होता आणि ओटाही.

"वीरण्णा काका, तुमचाच फोटो काढते," धम्मप्रिया म्हणाली.

वीरण्णाची मिशी ही आमच्या गावची शान आहे. ती त्यानं अठ्ठावीस वर्षं जोपासली आहे, आणि माल तोलताना ती पारड्याला लागते अशी एक अफवा आहे. ती मीच पसरवली. धम्मप्रियानं फोटो काढला, टीव्हीवर मोठा केला, हीलिंग ब्रश उचलला आणि मिशीवर फिरवायला लागली.

डावी मिशी गेली. वीरण्णानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

उजवी गेली. टीव्हीवर एक गुळगुळीत, अनोळखी माणूस आमच्याकडं बघत होता.

"काका, हात काढा."

"न्हाई काढत."

"काढा हो. हाय का बघू."

वीरण्णानं एकेक बोट उचललं. मिशी जागेवर होती. अंबिकानं पुढं होऊन ओढून पाहिली. "हाय!" तिनं जाहीर केलं. "पक्की हाय!"

"मिशी हा रोग नाही!" महाराज गरजले.

"मग तुमच्या चष्म्याचा नंबर तरी?" अंबिका म्हणाली. "तो कामून न्हाई पुसला अजून?"

लोक हसले. महाराज लॅपटॉप मिटायला गेले, पण धम्मप्रियानं फोटोंचा कप्पा उघडला होता, आणि तो सगळा टीव्हीवर दिसत होता. कप्प्याचं नाव 'पाय'. आत फोटो होते: चतुराबाई १, चतुराबाई २, चतुराबाई ३, चतुराबाई ४. त्याच्या खाली चतुराबाई ५ आणि ६. त्याच्या खाली 'चतुराबाई फायनल'. आणि सगळ्यात खाली 'चतुराबाई फायनल फायनल'.

"कुणीबी फोटो अशी नावं देऊन ठेवू नयेत," धम्मप्रिया शांतपणे म्हणाली. "कालच आत्याला सांगितलं मी."

तिनं शेवटचा फोटो उघडला. गोरापान, नितळ पाय. जखमेचा मागमूस नाही. 'डा'च्या कान्यावर माशी.

"वीरण्णा काका, तुम्ही इंग्रजी वाचता. आता पहिल्या फोटोची माहिती उघडते. 'डेट टेकन', म्हंजे फोटो काढल्याची तारीख, त्यापुढं काय लिहिलंय?"

वीरण्णानं मिशी धरूनच वाचलं. "दोन जुलै. अकरा वाजून बेचाळीस."

"दुसऱ्या फोटोची?"

"दोन जुलै. अकरा बेचाळीस."

"फायनल फायनल?"

"दोन जुलै." त्याचा आवाज खाली आला. "अकरा बेचाळीस."

धम्मप्रिया लोकांकडं वळली. "महाराज कॅमेऱ्याचं बटण दाबतेत आन् लॅपटॉपवर आधीच बनवून ठेवलेला पुढचा फोटो उघडतेत. फडक्याच्या आतलं काय कॅमेऱ्याला दिसत न्हाई. फडकं बांधायच्या आधीचाच फोटो हाय. आन् हा ब्रश काय करतो? शेजारच्या चांगल्या कातडीचा रंग उचलतो आन् डागावर सारवतो. आपण भिंत सारवतो तसा. भिंत चकचकीत दिसती, पण आतलं घुशीचं बीळ तिथंच राहतं. नाव हीलिंग हाय, पण ते फोटोच्या डागासाठी हाय. मी सात वर्षं हेच काम केलं. एकबी नवरदेव बरा झाला न्हाई, नुसता अल्बमात चांगला दिसला."

महाराज म्हणाले, "त्रिकालदर्शी माणसाला उद्याचा फोटो आज..."

"महाराज." चतुरा बोलली. तिचा आवाज इतका बारीक होता की लोकांना गप्प व्हावं लागलं. "फायनल लिवलंय ते माझंच नाव हाय ना?"

"हो, माऊली, तो तुमचा बरा झालेला..."

"मंग माझा पाय आत्ता कसा हाय?"

महाराजांनी टीव्हीकडं पाहिलं. मग लॅपटॉपकडं पाहिलं. पायाकडं त्यांनी पाहिलं नाही.

चतुरा खाली वाकली आणि तिनं स्वतःच गाठ सोडली. एक वेढा, दुसरा, तिसरा. चौथ्या वेढ्याला पुढच्या रांगेतल्या बायांनी नाकाला पदर लावला. कडेची दोन बोटं काळी पडली होती, आणि जखम मोसंबीहून मोठी होती. टीव्हीवर तो नितळ पाय अजून चमकत होता. तिकडं कुणी बघत नव्हतं.

"दुखत न्हाई गं मला," चतुरा धम्मप्रियाला म्हणाली. "जरासुदा दुखत न्हाई. म्हणून तर वाटलं बरं व्हायलंय."

"आत्या, साखरेनं पायातली जाण जाती. काटा गेला तेव्हाबी कळला नव्हता ना? दुखत न्हाई हीच भ्यायची गोष्ट हाय."

"आता कापतील."

"उशीर केला तर कापतील," धम्मप्रिया म्हणाली. "चला."

वीरण्णानं टेम्पोतली साखरेची पोती उतरवली आणि गादी टाकली. मी चतुराचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. अहमदपूर मागं गेलं. चापोलीच्या पुढं ती म्हणाली, "दादा, तू खरं बोलत होतास व्हय रे?"

"एकदाच बोललो," मी म्हणालो. "सवय नव्हती, म्हणून जमलं नसंल."

लातूरला डॉक्टरांनी दोन बोटं काढली. म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर गुडघ्यापासून काढावा लागला असता. टाच वाचली, तळवा वाचला, तीन बोटं वाचली. चतुरा शुद्धीवर आल्यावर तिनं पांघरूण उचलून आधी मोजून घेतलं. मग नातवाचे फोटो मागितले. आता मोबाइलमध्ये जागा होती.

महाराज दुकानाच्या मागच्या दारानं निघाले होते, पण त्या दारापुढं वीरण्णानं नुकतीच साखरेची पोती रचली होती. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार चतुरानंच दिली, स्वतःच्या सहीनं. चौकशीत कळलं, महाराज पूर्वी कुठंतरी अल्बमच बनवत होते. धम्मप्रियाला त्याचं नवल वाटलं नाही. "हात चांगला होता," ती म्हणाली. "माशी तेवढी ध्यानात आली न्हाई."

आता मी थापाड्या माणूस, मी काय शहाणपण सांगणार? पण एवढं सांगतो. फोटो खुशाल सुधारा. अंधार झाला असेल तर उजेड वाढवा, वाकडा असेल तर सरळ करा, नवरदेवाचा मुरूम घालवा. कुणाचं काही बिघडत नाही. पण जो फोटो बघून डॉक्टर औषध ठरवणार, त्याला हात लावू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला तर त्याच्या पाया पडायच्या आधी विचारा: हा फोटो कधीचा? मूळ कुठाय? मला करू द्याल का? खऱ्या गोष्टीला ह्या तीन प्रश्नांनी काही होत नाही. साखर असेल तर रोज संध्याकाळी तळपाय उलटा करून बघा. बघता येत नसेल तर घरच्याला दाखवा. औषध बंद करायचं झालं तर ज्यानं दिलं त्याला विचारा.

चतुरा आता मऊ चप्पल घालून बाजाराला जाते. परवा चार बाया तिला वाटेत भेटल्या. एकीनं मोबाइल काढला आणि म्हणाली, "आत्या, तुमचा पाय कसा हाय? फोटो असंल तर टाका की."

चतुरानं रस्त्याच्या मधोमध चप्पल काढली.

"हा काय," ती म्हणाली. "खाली बघ."